चौदाव्या मिनिटाचा दोष

नागपूरच्या 'नवी तार' साप्ताहिकात कॅसेटबद्दल छापून आलं, तेव्हा कमला हजेरीघरात पहिल्या पाळीची कार्डं लावत होती. पत्रू दारातूनच ओरडला, "बाई, आलं! अर्धं पान हाय, अर्धं!"

बाजूला हजेरीबाबू बशीत चहा ओतून पीत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय आलं गा? बदलीचा हुकूम?" खाणीच्या कॉलनीत कागद यायचा तो बदलीचा, नाहीतर कोणाच्या मरणाचा. गाण्याचाही कागद येऊ शकतो, हे त्या बापड्याला कुठून ठाऊक असणार?

हे सत्याऐंशी सालचं. राजुऱ्याच्या अंगाला कोळशाची एक खाण, खाणीला लागून कॉलनी. खाणीत पाळ्या तीन. कमला, लटारू आणि पत्रू तिघंही पहिल्या पाळीचे. दोन वाजता सुटलं की शहाण्या माणसाने घरी जाऊन जेवून पसरावं. हे तिघं क्लबच्या हॉलमध्ये जमायचे आणि कॉलनीची झोप मोडायचे. म्हणून बँडचं नाव 'चौथी पाळी'. लटारू वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन. गिटार त्याची, गळाही त्याचा. पत्रू डंपर चालवायचा आणि ड्रम वाजवायचा, दोन्ही सारख्याच घाईने. कमला केसिओच्या कीबोर्डवर. वय सत्तावीस, लग्न नाही, बाप देवराव कानांनी अधू होऊन घरी बसला तेव्हा त्याच्या जागी लागलेली. कॉलनीतल्या बाया तिला 'पेटीवाली' म्हणायच्या, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

एक बंगाली इंजिनिअर बदली होऊन जाताना इंग्रजी कॅसेटींचा खोका लटारूला देऊन गेला होता. त्यातून हे खूळ शिरलं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मध्येच ताल बदलायचा, मध्येच गोष्ट सुरू व्हायची. लटारू म्हणाला, "येवढं लांब कोण ऐकन?" त्यावर कमला म्हणाली होती, "आपल्या झाडीपट्टीत नाटक रातभर चालते. तवा कोणी म्हणते का, आटपा म्हणून?" मग दोन वर्षं खपून त्यांनी कॅसेट केली. नाव 'पिपरघाट'. खाणीच्या खड्ड्यात गेलेलं एक गाव, त्याची गोष्ट. पहिली बाजू भरून एकच गाणं, बावीस मिनिटांचं. त्यात सगळे गाव सोडून जातात आणि एक म्हातारा मागे राहतो. त्या म्हाताऱ्याचं गाणं देवरावने आपल्या जुन्या हार्मोनियमवर म्हटलं होतं. ऐन जवानीत भीमगीतांच्या पार्टीत पंचक्रोशी गाजवलेला गळा तो. कान गेले तरी गळा कुठे गेला होता?

आता परीक्षण. लिहिणारे देशकर, नागपुरातले जाणकार. त्यांनी सुरुवात गोड केली होती. इंग्लंडात काही तरुण बँड जुन्या, लांबलचक, गोष्ट सांगणाऱ्या रॉकला पुन्हा उभं करताहेत, त्याला नव-प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, आणि तसला बँड चंद्रपूरच्या कोळशात निघावा हे नवल आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे तर त्यांनी कमलाचं पोटच भरून टाकलं: 'तेराव्या मिनिटाला कीबोर्डवर दुरून येणारा करुण सूर तीनदा उमटतो. हा सूर म्हणजे संपूर्ण कॅसेटचं काळीज.' कमलाने हे वाक्य चारदा वाचलं. तसा सूर आपण नेमका कधी वाजवला हे तिला आठवेना, पण कोणी काळीज म्हणत असेल तर नाही कशाला म्हणा!

मग दोष आले. ड्रम धावतात, हा पहिला. पत्रूने मान खाली घातली. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं इंग्रजी कॅसेटवरून उचललेलं आहे, हा दुसरा. ते खरंच होतं. गाण्यात 'मले-तुले' आल्याने शब्दांना गावठी वास येतो, हा तिसरा, आणि इथे कमलाचं डोकं सणकलं. पण खरा तडाखा शेवटी होता. 'चौदाव्या मिनिटाला वृद्ध गायक ताल विसरून मध्येच थांबतो. ही चूक झाकण्यासाठी बँडने तिथे बॉम्बस्फोटाचे नकली आवाज भरले आहेत. हा बालिशपणा अक्षम्य आहे. आश्चर्य असं, की त्यानंतर त्याच वृद्धाचा आवाज असा काही सुटून वर येतो, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.'

"बॉम्ब?" कमला म्हणाली. "कोणता बॉम्ब? आपण कुठी बॉम्ब टाकला?"

पाळी सुटल्यावर तिघं हॉलमध्ये गेले, कॅसेट लावली, कान देऊन ऐकली. देवराव थांबला ते ऐकू आलं. त्या दिवशीही सगळ्यांना वाटलं होतं की म्हातारा अडखळला. कमलाने तेव्हा एक सूर धरून ठेवला होता, पत्रूने काड्या खाली ठेवल्या होत्या, आणि वीसेक सेकंदांनी म्हातारा आपोआप परत आला होता. पण बॉम्ब? छे! तिघांनी तीनदा ऐकलं. काहीच नाही.

"लेकाचा भांग पिऊन लिवते," पत्रू म्हणाला.

परीक्षणापाठोपाठ तीन दिवसांनी पत्र आलं. नागपूरच्या 'स्वरपेटी' कॅसेट कंपनीचं, आणि लिहिणारे पुन्हा देशकरच, कारण कंपनीसाठी कॅसेटी निवडायचं काम त्यांचं. कंपनी 'पिपरघाट'च्या दोन हजार कॅसेटी काढायला तयार होती, पार पुण्यापर्यंत पोचवायला तयार होती. अट एकच. चौदाव्या मिनिटाचा दोष काढून पहिली बाजू पुन्हा वाजवायची. येत्या रविवारनंतरच्या रविवारी आपण स्वतः चांगलं यंत्र घेऊन येतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

लटारूने पत्राचा कागद कपाळाला लावला. कमलाला तर त्या रात्री जेवण गेलं नाही. पेटीवाली म्हणणाऱ्या बायांच्या घराघरांत आपली कॅसेट नागपूरहून येणार! तिला हे हवं होतं, फार हवं होतं, आणि हे ती स्वतःपासून लपवत नव्हती.

मधल्या आठवड्यात ती ब्रह्मपुरीला केसरबाई मावशीकडे गेली. सोबत टेपरेकॉर्डर नेला. केसरबाईला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण भाची आली म्हणून ती कौतुकाने ऐकत, सुपात तांदूळ पाखडत बसली होती. ब्रह्मपुरीत ना खाण, ना डंपर. धानाची बांधी, दुपारची शांतता, आणि टेपवर देवरावचा आवाज. "भाऊजीचा गळा अजून तसाच हाय वो," केसरबाई म्हणाली. आणि तेवढ्यात तिच्या हातचं सूप उडालं. तांदूळ अंगणभर झाले.

"अवो माय! काय फुटलं वो? कोणाचा कुकर फुटला?"

कमला तशीच बसून राहिली. तिने ऐकलं होतं. धडाड. मग आणखी एक. मग आणखी. टेपमधून सात धडाके आले, आणि त्याआधी तीनदा भोंगा वाजला होता, तो तिला आत्ता आठवला. तिने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. खाणीत रोज अडीच वाजता सुरुंग उडतात. त्या दिवशी सव्वादोन उलटताच त्यांनी बटन दाबलं होतं, म्हणजे चौदाव्या मिनिटाला अडीच वाजणारच. जन्मल्यापासून रोज ऐकलेला तो धडाका तिघांच्याही कानांनी कधीच वजा करून टाकला होता. मांडणीवर ठेवलेलं भांडं हादरलं तरी कॉलनीत कोणी मान वळवत नसे.

आणि काळीज म्हणून ज्याची तारीफ झाली तो करुण सूर तिचा नव्हताच. तो खाणीचा भोंगा होता. तिला हसू आलं, मग लाज वाटली, मग रागच आला. नागपूरच्या माणसाला एका बैठकीत जे ऐकू गेलं, ते आपल्याला दोन वर्षांत गेलं नाही!

परत आल्यावर तिने लटारूला आणि पत्रूला सांगितलं. लटारू म्हणाला, "मंग सोपं झालं. रविवारी सुरुंग नसते. देवराव काकाले फक्त म्हणा, मधात थांबू नका. दोष गेला." पत्रूही हो म्हणाला. कमलाही हो म्हणाली. एवढी सोपी गोष्ट होती.

संध्याकाळी लटारूला घेऊनच ती घरी आली. देवराव ओट्यावर बसला होता. कमला त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "बाबा, रविवारी पुन्हा वाजवाचं हाय. मागच्या बारीले तुमी मधात चुकले होते, तसं नका करू."

"मी चुकलो नाई," देवराव म्हणाला. "मोजत होतो."

"काय मोजत होते?"

"सुरुंग."

देवराव तीस वर्षं सुरुंगवाला होता. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, भोंगा तीनदा वाजला की माणसं बाहेर काढायची आणि बत्ती द्यायची. पण सुरुंगवाल्याचं खरं काम त्यानंतर. त्याने गप उभं राहून मोजायचं. नऊ भरले तर नऊ ऐकू आले पाहिजेत. आठच आले, तर एक आत जिवंत निजलेला आहे, आणि तो सापडेपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकायचं नाही. एवढं कमलाला ठाऊक होतं. पण बाप कधीचाच घरी बसलाय, आता त्याला काय मोजायचंय, हे तिला कळेना. आणि मग तिला लहानपणी बाप रजेवर घरी असायचा त्या दुपारी आठवल्या. जेवताना अडीचला बापाचा घास हातातच थांबायचा. आई म्हणायची, बोलू नका आता. पोरांना वाटायचं, बाबा देवाचं नाव घेतात. देव न मानणारा माणूस कोणत्या देवाचं नाव घेणार, हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"आता तर किती भरले ते बी मले कोणी सांगत नाई," देवराव म्हणाला. "ऐकू बी येत नाई धड. पायातून कळते. तरी मोजतो. शेवटचा झाला की जराशी वाट पाह्यतो. पुढं कोणी आला नाई, का मंग बोलतो."

"काऊन पण, बाबा?"

देवरावने लटारूकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक बार मोजाच्या वक्ताले मी गाणं म्हणून राह्यलो होतो. नऊ भरले होते. मी नऊ झाले म्हून सांगितलं. झाले होते आठ. मुखरू पहार घेऊन पुढं गेला."

मुखरू म्हणजे लटारूचा बाप. छासष्ट साली गेला, तेव्हा लटारू सहा वर्षांचा होता. सुरुंगात गेला, एवढंच गाव बोलायचं. कोणाच्या मोजणीत गेला, हे कोणी बोलत नसे. लटारू ओट्यावरून उठला, चपला घातल्या आणि चालता झाला. कमलाने हाक मारली, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पुढले चार दिवस लटारू हॉलकडे फिरकला नाही. वर्कशॉपातून सरळ घरी. कमलाला वाटलं, संपला बँड. आणि तरीही, हे सांगायलाच हवं, तिला त्या रविवारचीही काळजी लागून राहिली होती. शनिवारी ती बापाला पुन्हा म्हणाली, "उद्या सुरुंग नाई, बाबा. थांबू नका. सरळ म्हणत जा." देवराव म्हणाला, "बरं." त्याने कधी तिला इतक्या पटकन बरं म्हटलं नव्हतं. ते 'बरं' तिला खटकलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

रविवारी देशकर जीपने आले. सोबत यंत्र आणि ते चालवणारा माणूस. देशकर माणूस चांगला होता, त्यांनी आल्याआल्या देवरावला वाकून नमस्कार केला, पत्रूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज जरा दमानं." दोन वाजून गेले तरी लटारूचा पत्ता नव्हता. कमला दाराकडे पाहत राहिली. शेवटी तो आला. त्याने गिटारची तार जोडली, सूर लावला आणि मानेनेच म्हणाला, चालू करा.

यंत्र फिरू लागलं. गाण्यात गाव वसलं, भरलं, नोटिसा आल्या, बैलगाड्या निघाल्या. पत्रू त्या दिवशी एकदाही धावला नाही. तेरावं मिनिट कोरडंच गेलं. आज भोंगा नव्हता, आणि कमलाने कितीही जोर लावला तरी केसिओतून तसलं काही निघत नव्हतं. मग देवराव सुरू झाला. सगळे गेले, मी नाही जात, असं ते गाणं. कमलाने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा जमिनीकडे बघून म्हणत होता, तालात, एकही चूक न करता. थांबायची जागा जवळ आली तसा त्याचा भाता हलवणारा हात मंदावला. पण त्याने लेकीला 'बरं' म्हटलं होतं. तो म्हणतच राहिला.

तेव्हा गिटार थांबली.

"काका," लटारू म्हणाला, "थांबा."

पत्रूचे हात जागीच राहिले. कमलाने बोटं उचलली. यंत्रवाला देशकरांकडे पाहू लागला, आणि देशकरांनी हाताने खूण केली की चालू दे.

लटारू देवरावच्या पुढ्यात जाऊन बसला आणि त्याच्या कानाशी ओरडला, "मोजा."

"आज रविवार हाय गा. काय मोजू?"

"त्या दिवशीचे मोजा. मी हावो इथी."

देवरावने पेटीवरून हात काढला. बोट मुडपून तो मोजू लागला. एक. दोन. हॉलच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज. पाच. सहा. आठवर येऊन तो अडला. एकवीस वर्षांत पुढचा आकडा त्याला त्या दिवसाचा म्हणून कधी म्हणता आला नसावा.

"नऊ," लटारू म्हणाला.

देवरावने नववं बोट मुडपलं. मग त्याने पेटी ओढली आणि गाणं उचललं. कमलाला सूर लावायचंही सुचलं नाही. डोळे पुसायला एक हात तरी रिकामा हवा होता.

गाणं संपल्यावर देशकर म्हणाले, "फार भारी झालं. पण कंपनीला हे चालणार नाही. मधलं बोलणं, थांबणं... कापून सांधतो मी. कोणाला कळणारही नाही."

"आमाले कळन," कमला म्हणाली. ती उठून उभी राहिली. "देशकर साहेब, तुमी आमच्यात दोष काढले, त्यातले दोन खरे हायत. ड्रम धावते. ते दुसरं गाणं आमी चोरलं, मीच चोरलं, ते मी काढून टाकतो. पण मले-तुले तसंच राह्यन, पिपरघाटाचे लोक तसेच बोलत होते. आणि चौदावं मिनिट तसंच राह्यन. सुरुंग नकली नाई. तुमाले बाबाचा आवाज वर आलेला आवडला ना? तो कायच्यातून वर आला ते काढाचं म्हणता, आणि आवाज ठेवाचा म्हणता. तसं नाई होत. न्याचं तर अख्खं न्या. नाई तर हे राह्यलं."

"दोन हजार कॅसेटी आहेत, बाई. पुन्हा असं दार उघडणार नाही."

"नका उघडू."

देशकरांनी लटारूकडे पाहिलं, मग पत्रूकडे. पत्रू म्हणाला, "मले काऊन पाह्यता? बाईनं सांगितलं ना." देशकर हसले, यंत्र आवरायला लावलं. जाताना ती रविवारची टेप मात्र त्यांनी काढून देवरावच्या हातात ठेवली. हे तुमचं, म्हणाले. देवरावने ती कोणाला ऐकवली नाही.

त्या रात्री कमलाला वाईट वाटलं का? वाटलं. दोन हजार कॅसेटी काही थोड्या नव्हेत, आणि पेटीवाली म्हणणाऱ्या बाया अजून तशाच होत्या. पण आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका नव्हती.

पुढे लटारूने डबल डेकवर एकेक करून जुनीच, सुरुंगांची 'पिपरघाट' उतरवली. चोरलेलं गाणं गेलं, तिथे टेप कोरी राहिली. राजुऱ्याच्या दुकानात पंधरा ठेवल्या. आठवड्याने दुकानदार म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक वापस आणून राह्यलं. मधातच थांबते म्हणते, आणि काहीतरी फुटते. बदलून द्या."

कमला तिथेच बाकड्यावर बसली. परत आलेल्या आणि न खपलेल्या मिळून पंधराही कॅसेटींचे कागद डबीतून बाहेर काढले आणि गाण्यांच्या नावांखाली प्रत्येकावर आपल्या हाताने लिहिलं: 'चौदाव्या मिनिटाले गाणं थांबते. कॅसेट खराब नाई. देवराव मोजून राह्यला. तुमी बी मोजा.'